आठ डोळ्यांचा भाडेकरू

दसरा झाला की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. ‘दिवाळीआधी सर्व फ्लॅट्समध्ये पेस्ट कंट्रोल. वर्गणी जमा करावी.’ यंदा मी ‘आमच्याकडे नको’ असं लिहिलं आणि दिवसभर खुलासे देत बसले. आता कारण तरी काय सांगणार? स्वयंपाकघराच्या खिडकीवर एक कोळी राहतो म्हणून?

हसू नका मैत्रिणींनो, तुमच्याही घरी तो बहुधा असेलच. जेमतेम नखाएवढा, करडा, केसाळ, आखूड पायांचा. भिंतीवर थांबत थांबत चालतो आणि मध्येच टुणकन उडी मारतो. आपण जवळ गेलो की पळायचं सोडून चक्क वळून आपल्याकडे बघतो! डोळे आठ. त्यातले समोरचे दोन चांगले टपोरे, बाकीचे डोक्याच्या कडेनं. म्हणून तर मागून चप्पल घेऊन गेलं तरी त्याला कळतं.

आपला राग असतो तो जळमटांवर. पण कोपऱ्यातली जळमटं करतात ते दुसरे, लांब काड्यांसारख्या पायांचे कोळी. हा जाळं लावून बसतच नाही. मांजरासारखी शिकार करतो. माशी दिसली की दबा धरतो, हळूहळू सरकतो आणि झेप घेतो. गंमत म्हणजे उडी मारण्याआधी भिंतीला एक धागा चिकटवून ठेवतो. नेम चुकला तर धाग्याला लोंबकळतो आणि परत वर! उडीसाठी पायांत दांडगे स्नायू नसतात. अंगातल्या द्रवाचा दाब पायांत ढकलून तो ते झटकन ताठ करतो. फोटोच्या फ्रेममागे पांढरी, चपटी, रेशमी पिशवी सापडते ना, ते याचं घर. तिथंच झोप, तिथंच कात टाकणं. मादी अंडीही अशाच पिशवीत घालते आणि राखण करत बसते. एवढं कळल्यावर फ्रेम पुसताना माझा हात थबकतो, काय करू!

सासूबाई म्हणायच्या, कोळी अंगावरून गेला की फोड येतात. मीही तेच मानत होते. पण पावसाळ्यात दिव्याकडे येणारा मुंगीएवढा लाल-काळा किडा असतो, तो अंगावर चिरडला गेला तर कातडी भाजल्यासारखी होते. कित्येकदा करणी त्याची असते आणि नाव कोळ्याचं!

मग यंदा अचानक ही माया का? तर गेल्या वर्षी काय झालं ते सांगायलाच हवं. फवारणीवाला आला तेव्हा ‘झुरळं आहेतच, पण कोळीही दिसतात हो’ असं मीच म्हटलं. त्यानं भिंती, खिडक्या सगळीकडे मारलं. घर बंद करून आम्ही रात्री नणंदेकडे गेलो. सकाळी लादी पुसायला येणाऱ्या ताई त्यांच्याकडच्या किल्लीनं आत आल्या आणि बंद खिडक्यांच्या घरात उघड्या हातांनी सगळं पुसून काढलं. संध्याकाळी त्यांचा घसा जळजळायला लागला, डोळे सुजले. तीन दिवस कामावर येता आलं नाही. बाकीच्या दोन घरांत खाडे कापले. मला एवढंच म्हणाल्या, ‘वहिनी, औषध मारलंय हे सांगायला विसरलात का हो?’

विसरले होते. वस्तीतल्या बायकांना आरोग्यावर चार शब्द सांगत फिरणारी मी, आणि मीच विसरले. तेही कशापायी, तर ज्यानं आपलं काही बिघडवलं नाही त्याची किळस येते म्हणून.

आता झुरळांसाठी कपाटाच्या फटींत जेलचे ठिपके लावते आणि रात्री सिंक कोरडं करते. जळमटांना झाडू. हा कोळी एकटा घरातले डास संपवेल असं मी म्हणणार नाही हं. डेंग्यू टाळायचा तर कुंड्यांखालच्या बशा नि फ्रिजमागचं पाणी दर आठवड्याला ओतावंच लागतं. पण माशा, चिलटं तो टिपतो, फुकटात.

आणखी एक. याच कुळातली एक नवी जात आमच्या ठाण्याच्या परिसरात सापडली. संशोधकांनी २०२१ मध्ये तिचं नाव ठेवलं ‘इसियस तुकारामी’. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कसाबची बंदूक धरून ठेवून प्राण देणाऱ्या तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ. ग्रुपवर हे टाकलं तेव्हा पहिल्यांदाच कुणी चिडवलं नाही.

परवा रात्री दहाला शेजारच्या काकूंनी बेल वाजवली. ‘तो तुमचा आमच्या टीव्हीवर आलाय. घेऊन जा बाई.’ मी काचेचा पेला आणि एक जुनी लग्नपत्रिका घेऊन गेले. पेला वरून ठेवायचा, पत्रिका खालून सरकवायची. काकू लांबूनच बघत होत्या. म्हणाल्या, ‘अगंबाई, हा तर माझ्याकडेच बघतोय!’