दिंडीची फिरती चूल

शेगावच्या श्री गजानन महाराजांच्या पालखीप्रमाणे आपल्या बुलढाणा जिल्ह्यातून आषाढीसाठी पंढरपूरकडे पायी निघणाऱ्या दिंडीची स्वयंपाकगाडी सज्ज करताना ज्येष्ठ वारकऱ्यांचा विचार प्रथम करावा. उतारवयात जुलाबाने शरीरातील पाणी झपाट्याने घटते व प्रसंग जिवावर बेततो. म्हणून पिण्याच्या पाण्याची व सांडपाण्याची टाकी स्वतंत्र असावी. हात धुण्यास तोटी व साबण असावा. गळणारा गॅस हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो. सिलिंडर उभे बांधावे, तळालगत झरोके ठेवावेत. शिजलेले अन्न 60 अंश सेल्सिअसपेक्षा अधिक गरम राहावे. अन्यथा ते 2 तासांत वाढून संपवावे. जलसंजीवनीची पाकिटे हाताशी असावीत. आणि इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेहीचे पान प्रथम वाढावे.