देणगीचे खरे माप

आरोग्यक्षेत्रातील सेवाभावी संस्थांसाठी निधी उभारण्याचे साधन म्हणून सामूहिक धाव हा प्रकार मुंबईत आता चांगलाच रुजला आहे. २००४ मध्ये सुरू झालेली मुंबई मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची क्रीडास्पर्धा तर आहेच. पण धावपटूने एखाद्या संस्थेचे काम आपले मानावे, तिच्यासाठी आप्तेष्टांकडून आणि सहकाऱ्यांकडून देणग्या मिळवाव्यात आणि कंपन्यांनीही त्याच हेतूने कर्मचाऱ्यांचे संघ उतरवावेत, ही पद्धतही तिने शहरात रूढ केली. एरवी धर्मादाय संस्थेची पायरीही न चढणारा नोकरदार या निमित्ताने परक्या रुग्णासाठी दहा जणांपुढे हात पसरतो, ही सामाजिकदृष्ट्या मोलाची गोष्ट आहे. तथापि, अशा उपक्रमाचे यश किती माणसे धावली आणि किती रक्कम जमली यावरून ठरवण्याचा प्रघात पडला असून तो बदलणे अगत्याचे आहे. आरोग्यासाठी दिलेल्या पैशाचे खरे माप एकच असू शकते, ते म्हणजे किती रुग्णांचे उपचार शेवटपर्यंत पूर्ण झाले.

निधीसाठी धावण्याची कल्पना जगभर पोहोचवणाऱ्या कॅनडाच्या टेरी फॉक्स या तरुणाने हेतू आणि हिशेब यांची सांगड प्रारंभीच घातली होती. हाडाच्या कर्करोगामुळे १९७७ मध्ये उजवा पाय गमावलेला हा तरुण १२ एप्रिल १९८० रोजी कृत्रिम पायाच्या आधाराने देशाच्या पूर्व किनाऱ्यावरून निघाला, रोज जवळपास एका मॅरेथॉनइतके अंतर कापत राहिला आणि १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावल्यानंतर रोग फुप्फुसांत पसरल्यामुळे त्याला थांबावे लागले. प्रत्येक देशबांधवाकडून एक डॉलर आणि तो केवळ कर्करोगावरील संशोधनासाठी, इतकी नेमकी त्याची मागणी होती आणि जून १९८१ मध्ये त्याचे निधन होण्यापूर्वीच ती पूर्ण झाली. त्याच्या नावाने होणारी धाव पुढे मुंबईतही आली. तिच्यात क्रमांक आणि बक्षिसे यांना स्थान नसते, कारण धावणे हे निमित्त आणि निधी हे प्रयोजन, हा क्रम त्याने उलटू दिला नव्हता.

भारतीय कायदेव्यवस्थेनेही हा भेद ओळखला आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेहून मोठ्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यातील किमान २ टक्के रक्कम समाजोपयोगी कामांवर खर्च करावी लागते. यालाच कंपन्यांचे सामाजिक दायित्व, म्हणजेच सीएसआर, म्हणतात. मॅरेथॉन, पुरस्कार, जाहिराती यांसारख्या एकवेळच्या कार्यक्रमांवरील खर्च या दायित्वात धरला जाणार नाही, असे कंपनी व्यवहार मंत्रालयाने जून २०१४ मधील परिपत्रकात स्पष्ट केले. मंडप, टी-शर्ट आणि पदके यांवर झालेला खर्च रुग्णसेवा ठरत नाही, हा त्यामागील विचार प्रत्येक धावपटूनेही ध्यानात घेण्याजोगा आहे. नोंदणी शुल्कातून प्रामुख्याने आयोजनाचा खर्च भागतो, संस्थेला द्यायची देणगी ही स्वतंत्रपणेच द्यावी लागते.

ही देणगी नेमकी कुठे कामी येते, हे बालकर्करोगाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात, तर अनेक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांपेक्षाही कमी आहे. या तफावतीमागे उशिरा किंवा चुकीचे निदान आणि औषधांची टंचाई ही कारणे आहेतच, परंतु 'उपचार अर्धवट सोडणे' हेही तितकेच मोठे कारण आहे. मुलांमधील रक्ताच्या कर्करोगावरचे उपचार साधारणतः दोन ते तीन वर्षे चालतात. केमोथेरपीने, म्हणजे कर्कपेशी मारणाऱ्या औषधांनी, रक्तातील पांढऱ्या पेशीही घटतात. अशा काळात मुलाला ताप आला तर काही तासांत रुग्णालय गाठावे लागते. त्यामुळे यवतमाळहून किंवा बिहारमधून परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात आलेल्या कुटुंबाला केमोच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या दिवसांतही गावी परतता येत नाही. उकळलेले पाणी, ताजे शिजवलेले अन्न आणि गर्दीपासून दूर स्वच्छ खोली या मुलाच्या औषधोपचाराचाच भाग असतात, पण त्यांची नोंद रुग्णालयाच्या बिलात होत नाही. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेसारखी शासकीय योजना उपचारांचा भार उचलते. बापाची महिनोन्‌महिने बुडालेली मजुरी, खोलीचे भाडे आणि गावी राहिलेल्या भावंडांचा सांभाळ यांचा भार मात्र कुटुंबावरच राहतो. कुटुंब तिथे मोडते आणि फाइल अर्ध्यावर बंद होते.

ही नड महाराष्ट्राने पूर्वीच ओळखली होती. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने आणि परळच्या नाना पालकर स्मृती समितीने बाहेरगावच्या रुग्णांना व त्यांच्या नातेवाइकांना वर्षानुवर्षे अल्प दरात निवारा दिला. २००६ पासून सेंट ज्यूड या संस्थेने कर्करोगग्रस्त मुलांसाठी कुटुंबासह विनामूल्य राहण्याची केंद्रे उभी केली. टाटा स्मारक रुग्णालयातील बालकर्करोग विभागाने देणग्यांच्या बळावर निवास, आहार आणि समुपदेशन यांची जोड दिल्यानंतर उपचार अर्धवट सोडण्याचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांवरून ५ टक्क्यांच्या आसपास आले. इतका मोठा फरक कोणत्याही नव्या औषधाविना पडला, हे देणगीदारांनी मनावर कोरून ठेवावे.

जनजागृतीलाही हाच निकष लागू होतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी १९९८ पासून मुंबईच्या झोपडवस्त्यांत झालेल्या, सुमारे दीड लाख स्त्रियांचा समावेश असलेल्या अभ्यासात, दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना प्रशिक्षण देऊन सौम्य ॲसेटिक ॲसिड लावून केली जाणारी साधी तपासणी वारंवार करण्यात आली आणि त्या रोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. गुलाबी फिती आणि घोषणा यांचे मोल नाकारण्याचे कारण नाही. पण त्या घोषणेनंतर दार ठोठावणारी प्रशिक्षित कार्यकर्ती आणि दोष आढळल्यास उपचारांची हमी नसेल, तर जागृतीने केवळ भीती वाढते.

म्हणूनच धावेच्या आयोजकांनी जमलेल्या रकमेबरोबर ती कोणत्या संस्थेला मिळाली हे जाहीर करावे, तर संस्थांनी वर्षअखेरीस किती रुग्ण दाखल झाले, किती जणांचे उपचार पूर्ण झाले आणि किती मध्येच गळाले, याचा ताळेबंद मांडावा. देणगीदारांनी यंत्रसामग्री आणि नामफलक यांचा आग्रह सोडून शिधा, निवास आणि वैद्यकीय समाजसेवकांचे वेतन यांसाठी पैसा द्यावा, कारण कुटुंबाची अडचण सर्वांआधी त्या समाजसेवकालाच कळते. नव्या आयकर प्रणालीत देणगीवरील '८०-जी'ची वजावट मिळत नसल्याने अनेकांचा हात आखडण्याचा संभव आहे. तरीही वर्षातून एकदाच दिलेल्या मोठ्या रकमेपेक्षा दरमहा येणारी लहान रक्कम अधिक उपयोगी असते, कारण तिच्या भरवशावर संस्था दोन वर्षांच्या उपचारांचा शब्द देऊ शकते. शासनानेही मोठ्या कर्करुग्णालयांच्या परिसरात निवासासाठी भूखंड राखून ठेवावेत. मुंबईकर दर जानेवारीत धावण्याचा उत्साह दाखवतात; तोच निश्चय पुढील अकरा महिने देण्यात टिकला, तर पैशाअभावी एकाही मुलाचे उपचार अर्ध्यावर सुटू न देणे हे या शहराच्या आवाक्यातले काम आहे आणि ते त्याने आपले कर्तव्य मानले पाहिजे.