मण्याचे वेज

गेल्या महिन्यात विरार लोकलमधून उतरताना माझ्या गळ्यातली माळ वाढली. बांगडी किंवा मंगळसूत्र तुटले असे आपण म्हणत नाही, वाढले म्हणतो. ज्योतीवर घडवलेल्या काचमण्यांच्या माळेलाही मी तोच शब्द वापरते. गर्दीचा हिसका बसला असेल असे वाटले. घरी येऊन हाती लागलेले मणी ताटात पसरले, दोऱ्याचे टोक भिंगाखाली धरले. दोरा हिसक्याने तुटला नव्हता. एकाच जागी पीळ सुटून, तंतू-तंतू झिजत गेला होता. त्या जागेचा मणी देखणा होता, निळ्यावर पांढरे ठिपके. पण त्याच्या वेजाच्या काठावर नख फिरवले तर नखावर चरा उठला.

मणी कोणी केला हे सांगण्यात अर्थ नाही. सुरुवातीची काही वर्षे मीही असेच मणी करत होते.

दोष कुठे राहतो ते आपल्याला ठाऊक आहे. सळईवर पहिला वेढा देतानाच मण्याची रुंदी ठरते. वेढा रुंद पडला आणि वर काच कमी चढली, की दोन्ही टोके पातळ, टोकदार राहतात. पुरेशी काच चढवून मणी ज्योतीत सावकाश फिरवला तर ती आपल्याच ताणाने गोल होते, काठ आत वळतात आणि वेजाभोवती बेंबीसारखा खोलगटपणा येतो. सळईला लावलेला मातीचा लेपही वेजात चिकटून राहतो. तो हिऱ्याच्या कानशीने, पाण्यात बुडवूनच काढावा. कोरडी भुकटी छातीत जाते. लेप तसाच राहिला तर तो पॉलिश-पेपरसारखा दिवसरात्र दोरा घासत राहतो.

आपण मात्र सगळा जीव मण्याच्या तोंडावळ्यावर खर्च करतो, कारण फोटोत तोच दिसतो. वेज पहिल्यांदा पाहते ती ओवणारी. नालासोपाऱ्यात, विरारमध्ये घरोघरी इमिटेशन दागिन्यांचे काम चालते, आणि आपल्यापैकी अनेकांच्या माळा तिथल्याच बायका गाठवून देतात. अशाच एका ताईंकडे मी तासभर बसले. त्या प्रत्येक मणी करंगळीच्या नखाने चाचपत, सुई घालून दोरा उलटा ओढून पाहत आणि खरखर लागली की मणी डब्याच्या झाकणात टाकत. तासाभरात झाकण निम्मे भरले. मजुरी नगावर असते. झाकणातल्या मण्यांवर गेलेला वेळ त्यांच्या पदरचा. म्हणजे आपण टॉर्चवर वाचवलेले अर्धे मिनिट त्यांच्या रोजातून वळते होते. हे मला फार लागले.

याच सोपाऱ्यात १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी बुरूड राजाचा कोट म्हणून ओळखला जाणारा स्तूप उकरला. आत एकात एक बसवलेले करंडक निघाले: तांब्याचा, त्यात चांदीचा, मग दगडाचा, स्फटिकाचा आणि सगळ्यात आत सोन्याचा. विटामातीच्या ढिगाऱ्यात कायमचे पुरायचे काम, तरी कारागिराने आतल्या करंडकाला हात आखडला नव्हता.

तापवून सावकाश निववण्याबद्दल या अंकात स्वतंत्र लेख आहे, म्हणून इथे एवढेच: मऊ काच साधारण ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास मुरू द्या, बोरोसिलिकेटला त्याहून जास्त लागते, आणि या दोन काचा एका मण्यात कधीही घालू नका. राखेत गाडलेला मणी भट्टीत निववलेल्या मण्याची जागा घेत नाही.

पुढच्या अंकापासून ‘वाचकांचे मणी’ या सदरासाठी प्रत्येक मण्याचे दोन फोटो पाठवावेत: एक समोरून, एक वेजाच्या बाजूने. दुसरा नसेल तर पहिला छापणार नाही. निवड करताना त्या ताई माझ्या शेजारी बसतील. त्यांच्या वेळेचे मानधन मासिक देईल.