चौरागड चढण्याआधी

महाशिवरात्र जवळ आली की नागपूरच्या वस्त्यावस्त्यांत पचमढीच्या गाड्या ठरू लागतात. सावनेर, सौंसर, छिंदवाडा करत माणसं महादेवाला निघतात आणि नवसाचा त्रिशूळ खांद्यावर घेऊन चौरागड चढतात. या वर्षी जाणाऱ्या सगळ्यांना कळकळीची विनंती आहे : गाडी ठरवाल त्याच दिवसापासून पायांनाही तयारीला लावा.

आपलं नागपूर सुमारे ३१० मीटर उंचीवर आणि बरंचसं सपाट. चौरागडाचा माथा १३०० मीटरच्या आसपास, म्हणजे सातपुड्यातल्या सर्वांत उंच १३५२ मीटरच्या धूपगडाहून थोडाच खाली. गाडी निम्म्याहून जास्त उंची चढवून देते. पण शेवटच्या हजारावर पायऱ्या आपल्याच पायांनी चढायच्या असतात. उंचीमुळे होणारा आजार साधारण २५०० मीटरच्या वर सुरू होतो. त्यामुळे इथे दम लागतो तो हवेमुळे नाही, सवय नसल्यामुळे. आणि सवय घरी राहूनच करता येते.

महिनाभर आधी रोज पाऊण तास भरभर चाला. सेमिनरी हिल्सचा चढ घ्या. रविवारी रामटेकला जाऊन गडमंदिराच्या पायऱ्या चढा आणि उतराही. उतरताना सगळा भार गुडघ्यांवर आणि मांड्यांवर येतो. दुसऱ्या दिवशी पाय भरून येतात ते त्यामुळेच. रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच निघा आणि रोजच्या गोळ्या खिशात ठेवा.

चढाई पहाटे सुरू करा. पायात वापरातले, पकड असलेले बूट असू द्या, नवे कोरे नकोत. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते घोट घोट पीत राहा. त्रिशुळाची टोकं कापडानं बांधा, गर्दीत मागच्याच्या डोळ्याला लागतात. जड त्रिशूळ आळीपाळीनं घ्या.

छातीत दुखलं, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तिथेच बसा, पोह्यातल्या, म्हणजे सोबतच्या जथ्यातल्या, माणसांना सांगा आणि वैद्यकीय मदत मागवा. ‘आता थोडंच राहिलं’ म्हणून रेटू नका. त्रिशूळ सोबत्याच्या हाती द्या, तो वर पोचवेल. तुम्ही सुखरूप घरी या.