शाल-श्रीफळानंतर काय?

परवा संध्याकाळी बोळिंजमध्ये शेताच्या बांधावर बसून पोरांचा फुटबॉल पाहत होतो. भातकापणी झालेली, दोन-दोन दगड मांडून गोल केलेले. गुडघा दुखावलेला एक मुलगा कडेला हिरमुसून बसला होता. कुणीतरी त्याच्या हाती शिट्टी दिली, आणि गडी पंच म्हणून पुन्हा खेळात आला!

गोष्ट लहानच, पण मन युद्धावरून परतलेल्या खेळाडूंकडे गेले. १९१४ च्या डिसेंबरात इंग्लंडमध्ये फुटबॉलपटूंची स्वतंत्र पलटण उभी राहिली. तिच्यात पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्यांपैकी फ्रँक बकली १९१६ साली सोमच्या रणभूमीवर जबर जखमी झाले. पुढे त्यांची कीर्ती झाली ती वुल्व्हरहॅम्प्टनचा संघ घडवणारे व्यवस्थापक म्हणून. मैदानाने त्यांना दुसरे काम दिले.

आपल्याकडचे उदाहरण सांगली जिल्ह्यातले, मुरलीकांत पेटकर यांचे. खेळ निराळा, कथा तीच. गावच्या तालमीतला हा मुलगा लष्करात मुष्टियोद्धा झाला. १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर त्यांना गोळ्या लागल्या, त्यांतली एक पाठीच्या कण्यात अडकली. कमरेखालचे शरीर लुळे पडले. मुंबईच्या नौदल रुग्णालयात डॉक्टरांनी उपचार म्हणून पोहायला सांगितले. विजय मर्चंट यांच्या संस्थेने परदेशी स्पर्धांना जाण्यासाठी मदत केली. पुण्याच्या टेल्कोने नोकरी दिली. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर अंतर ३७.३३ सेकंदांत पोहून त्यांनी सुवर्णपदक जिंकले. पद्मश्री मिळाली ती २०१८ मध्ये, तब्बल ४६ वर्षांनी!

सन्मान उशिरा आला याची चुटपुट मलाही आहे. पण मला अधिक महत्त्वाचे वाटते ते निराळेच. पेटकरांची जिद्द मोठी होतीच. पण तिला पाय रोवायला जागा मिळाली ती तलाव, तिकीट आणि नोकरी या तीन साध्या गोष्टींमुळे. त्या वेळेवर मिळाल्या नसत्या, तर पुढच्या पदकाचे काय झाले असते?

आपण गावकरी काय करतो? जवान निघाला की हार घालतो. परतला की २६ जानेवारीला शाल-श्रीफळ देतो, टाळ्या वाजवतो आणि घरी जातो. २७ तारखेला तो काय करतो, हे विचारायला कुणाला सवड असते? नोकरी देणे प्रत्येकाच्या हाती नसेल. पण गावच्या संघाला शिकवायला, सामन्यात पंच व्हायला, मंडळाच्या बैठकीत सल्ला द्यायला त्याला बोलावणे तर आपल्या हाती आहे? त्याला उपकार नकोत, काम हवे.

बांधावरच्या त्या पोरांना हे कुणी शिकवले नव्हते. आपला एक गडी बाहेर बसलाय एवढेच त्यांना दिसले, आणि त्यांनी शिट्टी पुढे केली. आपण मोठ्यांनी इतके पाहायला काय हरकत आहे?