मलिक अंबरच्या गावात 'हबशी' ही शिवी

भाड्याची खोली बघायला गेलेल्या आमच्या पोराला नाव विचारलं जातं आणि नाव कळलं की खोली 'कालच गेली' असं उत्तर मिळतं. 'मुसलमान असून मराठी किती छान बोलता' हे कौतुक तर आम्ही शाळेपासून ऐकत आलो. याविरुद्ध आम्ही लिहिलं, यापुढेही लिहू. आजची तक्रार मात्र घरातली आहे.

आमच्या शहरातल्या विद्यापीठात सुदान, सोमालिया, येमेनमधून मुलं शिकायला येत आली आहेत. त्यातली कित्येक जुम्म्याला आमच्याच सफेत उभी राहतात. मशिदीबाहेर पडली की आमचीच कॉलेजातली पोरं पाठीमागून 'कालिया', 'हबशी' म्हणत खिदळतात. हटकलं तर म्हणतात, "मजाक कर्रे थे, चाचा." खोली नाकारणारा घरमालकही 'आमच्या मनात तसं काही नाही हो' असंच म्हणतो. २०१६ साली बंगळुरात टांझानियाच्या विद्यार्थिनीला जमावानं मारलं, २०१७ साली ग्रेटर नोएडात नायजेरियाच्या विद्यार्थ्यांना. ते जमाव काही एका दिवसात तयार झाले नव्हते.

आणि हे कुठे, तर खडकीत! १६१० साली हे गाव वसवलं मलिक अंबरनं. इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी निजामशाहीचा वजीर झाला. त्यानं नहर काढून शहराला पाणी पाजलं, भडकल दरवाजा बांधला. १६२४ मध्ये भातवडीला शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढले. जहांगीर बादशहाच्या तो कधी हाती लागला नाही. मग बादशहानं आत्मचरित्रात त्याच्या काळ्या तोंडावरून शिव्या घातल्या आणि त्याच्या कापलेल्या मुंडक्यावर आपण बाण मारतो आहोत असं चित्र काढून घेतलं. चित्रातच! मुघलांच्या थाटाचे गोडवे गाणाऱ्या आमच्या मंडळींनी ते एकदा बघावं.

रिश्ता जमवताना 'पोरगी गोरी आहे ना?' हा पहिला सवाल. नातवाचं नाव हौसेनं बिलाल, सून मात्र बिलालच्या रंगाची नको. गोऱ्याला काळ्यावर श्रेष्ठत्व नाही हे पैगंबरांचं अखेरच्या हजचं सांगणं मिलादच्या जलशात तावातावानं ऐकवणारे मौलवीसाहेब याच घरांत निकाह लावतात, बिर्याणी खाऊन परततात.

२०२३ साली शहराचं नाव बदललं. बाजूनं आणि विरोधात शहर तापलं. दोन नावांच्या त्या भांडणात खडकी वसवणाऱ्याचं नाव आम्हाला फारसं ऐकू आलं नाही. तो खुलताबादेत निजला आहे. उरुसाला आमची तरुण पोरं गाड्या भरभरून तिथं जातात. त्यातली किती त्याच्या मकबऱ्याकडे वळतात?