कोणी, कुणाला, काय केले ते सांगा

मोबाइलवर आलेली युद्धाची इंग्रजी बातमी मराठीत करून ग्रुपवर टाकणारी मंडळी आणि अभ्यासिकेत बसून निबंध लिहिणारी पोरे आज उमरखेडपासून वणीपर्यंत गावोगावी आहेत. या सगळ्यांना एक विनंती आहे. सैन्य कुठे शिरले आणि त्यानंतर काय झाले, ते गुळगुळीत शब्दांत गुंडाळू नका.

आपल्या शेजारचेच उदाहरण घ्या. पैनगंगेपलीकडे निजामाचे राज्य होते. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य तिथे शिरले. सोलापूरकडून रणगाडे गेले, वर विमाने होती आणि या फौजेचे नेतृत्व मेजर जनरल चौधरी यांच्याकडे होते. तरी नाव पडले ‘पोलीस अ‍ॅक्शन’! १७ तारखेला निजामाने युद्धबंदी जाहीर केली. निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांनी गावे लुटली, माणसे मारली; तो जाच संपला. पण कारवाईच्या काळात आणि नंतर कित्येक निरपराध मुसलमान मारले गेले, हेही तितकेच खरे. नेहरूंनी पाठवलेल्या सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज किमान २७ ते ४० हजार असा दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत समितीने नांदेडही मोजला होता. १७ सप्टेंबरच्या मुक्तिदिनाच्या भाषणांत रझाकार येतात, ही मारली गेलेली माणसे सहसा येत नाहीत. दोन्ही सांगितल्याने मुक्तीला कमीपणा येत नाही.

आता इंग्रजी बातमीकडे वळू. ‘कॅज्युअल्टी’ म्हणजे नुसते मेलेले नव्हेत, त्यात जखमीही येतात. ‘शंभर कॅज्युअल्टी’ वाचून ‘शंभर ठार’ लिहिले तर जिवंत माणसे तुम्ही मारलीत. देशातल्या देशात घर सोडावे लागले तो विस्थापित, सीमा ओलांडून गेला तो निर्वासित. ‘सीझफायर’ म्हणजे गोळीबार थांबला, तह झाला असे नव्हे. ‘कोलॅटरल डॅमेज’ दिसले की थांबा आणि बाजार पडला, दवाखाना पडला की माणसे मेली ते शोधून लिहा. रशियाने फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर चढाई केली आणि तिला ‘विशेष लष्करी मोहीम’ म्हटले. चढाई करणाऱ्याने दिलेले नाव आपण का वापरावे?

म्हणून लिहिताना कर्ता गाळू नका. ‘गावात जीवितहानी झाली’ यापेक्षा ‘अमक्या सैन्याच्या तोफगोळ्याने गावातली माणसे मेली’ हे वाक्य खरे. आकडा दिलात तर तो कोणी दिला तेही लिहा, कारण दोन्ही बाजू आपापले आकडे फुगवतात किंवा दडवतात. कर्ता ठाऊक नसेल तर ‘कोणी केले ते कळलेले नाही’ असे सरळ लिहा. आपल्या बाजूच्या सैन्याबद्दल लिहितानाही हाच नियम पाळा. आणि एवढे तपासायला वेळ नसेल, तर ती बातमी पुढे पाठवू नका.